पुनःप्रवेश, अवकाशयानाचा

कृत्रिम उपग्रह, अवकाशयान, रॉकेटचा वापरून झालेला टप्पा किंवा यांचे सुटे भाग अवकाशातून पृथ्वीच्या दाट वातावरणात परत शिरतात, त्या क्रियेला पुनःप्रवेश म्हणतात. पृथ्वीवरूनच गेलेली वस्तू परत येत असल्याने ‘पुनः’ हे उपपद लावले जाते. उल्का व अशनी मुळात बाहेरच्याच असल्याने त्यांचा केवळ प्रवेश होतो [⟶ उल्का व अशनी]. वस्तू कोठे व केव्हा खाली यावी हे आधी ठरवून ती आणली, तर पुनःप्रवेश नियंत्रित असतो. ती आपोआप खाली आली, तर तो अनियंत्रित होय. अंतराळवीराचे घरी परतणे आणि निकामी रॉकेटचे शेतात कोसळणे या दोन्ही घटना भौतिकीच्या दृष्टीने एकच आहेत. त्यांतील फरक आधी केलेल्या तयारीचा असतो आणि या तयारीला मोठी किंमत मोजावी लागते. महाराष्ट्रात या विषयाला प्रत्यक्ष अनुभवाचे महत्त्व आले, ते २०२२ सालच्या एका घटनेमुळे.

सिंदेवाहीची घटना : २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, सायंकाळी पावणेआठच्या सुमारास नागपूरसह विदर्भातून, खानदेशातून, तसेच मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांच्या काही भागांतून तेजस्वी गोळ्यांची एक रांग आकाशात सरकताना दिसली. प्रत्येक गोळ्यामागे प्रकाशाचे शेपूट होते व सर्व गोळे जवळजवळ समांतर मार्गांनी जात होते. उल्कापात होत असावा, विमान पेटले असावे, असे नाना तर्क त्या वेळी करण्यात आले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी मोकळ्या जागेत धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले. हे ठिकाण नागपूरच्या दक्षिण-आग्नेयेस सरळ रेषेत सु. ११५ किमी. अंतरावर आहे. कड्याचा व्यास सु. ३ मी. होता, बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेसारखे, पण तिच्या दुपटीहून मोठे, असे त्याचे स्वरूप होते. पुढील काही दिवसांत पवनपार व आसपासच्या परिसरात फुटबॉलहून मोठे पोकळ गोलही सापडले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. पोलिसांनी या वस्तू ताब्यात घेतल्या व त्याच महिन्यात भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या (इस्रोच्या) शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली.

आकाशात दिसले ते उल्का नव्हे, हे त्या दृश्याच्या गतीवरूनच सांगता येण्यासारखे होते. नैसर्गिक पिंड वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किमी. वेगाने शिरतात व त्यामुळे बहुतेक उल्का एकदोन सेकंदांत दिसेनाशा होतात. नागपूरच्या आकाशातील रांग मात्र सावकाश, पाहणाऱ्यास भ्रमणध्वनीने चित्रण करता यावे इतका वेळ सरकत राहिली. पृथ्वीभोवतालच्या कक्षेतून आलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला ८ किमी.च्या आसपास असतो. ‘सावकाश’ हा शब्द अर्थातच सापेक्ष आहे. या वेगाने नागपूरहून मुंबईला दीड मिनिटात पोहोचता येईल.

ही वस्तू कोणाची, याविषयी आरंभी मतभेद झाले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचे रॉकेट सोडण्यात आले होते व त्याचाच भाग खाली आला असावा, असे काहींनी सुचविले. परंतु इलेक्ट्रॉन हे लहान रॉकेट असून त्याचा व्यास सव्वा मीटरपेक्षाही कमी असतो. त्यातून तीन मीटरचे कडे निघू शकत नाही. अवकाशातील वस्तूंच्या कक्षांची नोंद ठेवणारे खगोलभौतिकीविज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी वेळ व मार्ग पडताळून ही वस्तू म्हणजे चीनच्या ‘चांग झंग–३बी’ (लाँग मार्च–३बी) या रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचे दाखविले. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडण्यात आले होते. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मी.च असतो. म्हणजे उपग्रह इच्छित मार्गावर सोडून दिल्यानंतर वर्षाहून अधिक काळ ही रिकामी टाकी पृथ्वीभोवती फिरत होती व पाडव्याच्या सायंकाळी तिचा शेवट झाला.

वस्तू वर का राहते व खाली का येते : ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून उपग्रह पडत नाहीत’ ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती चुकीची आहे. जमिनीपासून ४०० किमी. उंचीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जेथे फिरते तेथे, पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सु. ८९ टक्के असते. उपग्रह सतत पडतच असतो. मात्र त्याचा आडवा वेग इतका असतो की, तो जेवढा खाली येतो तेवढाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही त्याच्याखालून वळत गेलेला असतो. यानातील माणसे तरंगतात तीही गुरुत्वाकर्षणाच्या अभावी नव्हे, तर यान व माणसे एकाच प्रवेगाने (एकक काळात होणाऱ्या वेगातील बदलाने) पडत असतात म्हणून. विहिरीत पडणारी बादली व तीतील खडा यांच्यातही पडेपर्यंत हेच नाते असते.

हा अखंड चालणारा पतनप्रवास हवेमुळे मोडतो. वातावरणाला काटेकोर सीमा नाही. कित्येक शे किमी. उंचीवरही अत्यंत विरळ हवा असतेच. ती वस्तूची ऊर्जा थोडीथोडी काढून घेते व कक्षा लहान होत जाते. अवकाश स्थानकाची उंची यामुळे महिन्याला सु. २ किमी. घटते व अधूनमधून एंजिने चालवून ते पुन्हा वर चढवावे लागते. ८०० किमी. उंचीवरची वस्तू शतकाहून अधिक काळ टिकू शकते, तर २०० किमी.वरची काही दिवसांतच खाली येते. सूर्यावरील डागांचे प्रमाण वाढले की, वातावरणाचा वरचा थर तापून फुगतो व हे पतन लवकर घडते.

लाडबोरीच्या कड्याची कक्षा मात्र वर्तुळाकार नव्हती. दूरसंदेशवहनाचे उपग्रह विषुववृत्तावर सु. ३६,००० किमी. उंचीवर ठेवावे लागतात व त्यांना तेथवर नेणारे रॉकेट प्रथम अतिशय लांबट कक्षेत जाते. या कक्षेचा पृथ्वीजवळचा बिंदू (उपभू) सु. २०० किमी.वर, तर दूरचा बिंदू (अपभू) ३६,००० किमी.च्या आसपास असतो. प्रत्येक फेरीत उपभूपाशी वस्तू काही क्षण हवेला घासून जाते. त्यामुळे दूरचा बिंदू हळूहळू जवळ येतो. शिवाय सूर्य व चंद्र यांच्या आकर्षणामुळे उपभूची उंची कमीजास्त होत राहते. कधी ती वाढून वस्तूला वर्षानुवर्षे जीवदान मिळते, तर कधी ती घटून वस्तू अकस्मात दाट हवेत बुडते. अशा टप्प्यांचा अंतकाळ वर्तविणे म्हणूनच विशेष अवघड असते.

उष्णता कोठून येते : सेकंदाला ७·८ किमी. वेग असलेल्या १ किग्रॅ. वस्तुमानात सु. तीन कोटी जूल गतिज ऊर्जा (गतीमुळे लाभलेली ऊर्जा) असते. एवढ्या ऊर्जेने ९० लिटर पाणी घरातील नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. हे एका किलोग्रॅमचे झाले. टप्प्याचे वस्तुमान टनांत असते. या सर्व ऊर्जेची विल्हेवाट काही मिनिटांत लागावी लागते व ती बव्हंशी उष्णतेच्या रूपानेच लागते.

ही उष्णता घर्षणाने निर्माण होते असे सर्रास लिहिले जाते. घर्षणाचा वाटा असतो, पण तो दुय्यम असतो. ध्वनीच्या वीसपंचवीस पट वेगाने येणाऱ्या वस्तूपुढील हवेला बाजूला सरण्यास अवसर मिळत नाही. ती वस्तूसमोर एकदम दाबली जाते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला गरम लागते, तेही हवा दाबली गेल्यामुळेच. पुनःप्रवेशात हेच इतक्या तीव्रतेने घडते की, वस्तूपुढे आघाततरंग निर्माण होऊन त्यामागील हवेचे तापमान कित्येक हजार अंशांवर जाते. हवेचे रेणू फुटतात, त्यांतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात व आयनद्रायू (विद्युत् भारित कणांचा वायुरूप समुच्चय) तयार होतो. नागपूरकरांनी पाहिलेला प्रकाश हा या तप्त हवेचा व तीत वितळून विखुरणाऱ्या धातूंचा होता.

साधारणतः १२० किमी. उंचीवर हवेचा परिणाम जाणवू लागतो व ८० किमी.च्या आसपास बहुतेक वस्तू मोडतात. प्रथम बाहेर आलेले भाग तुटतात, मग मुख्य सांगाडा उकलतो व एका प्रकाशगोलाचे अनेक होतात. रांग दिसते ती यामुळे.

काय जळते व काय उरते : सर्वच वस्तू वातावरणात भस्म होते, हाही एक गैरसमज होय. मोठ्या वस्तूच्या वस्तुमानापैकी साधारणतः १० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचतो. ॲल्युमिनियम सु. ६६० से. तापमानास वितळते व त्याचे पत्रे बहुधा नाहीसे होतात. टिटॅनियमाचा वितळबिंदू १,६०० से.हून अधिक असून ते टिकते. जाड पोलादी भागही पुष्कळदा टिकतात. पण धातूइतकेच महत्त्व आकाराला आहे. पोकळ गोल आकाराने मोठा व वजनाने हलका असल्याने विरळ हवेतही त्याचा वेग लवकर कमी होतो व दाट हवेत येईपर्यंत उष्णतेचा मोठा टप्पा उलटून गेलेला असतो. रॉकेटमध्ये हीलियमासारखा वायू मोठ्या दाबाखाली साठविण्यासाठी असे गोल वापरतात. ते मुळातच भक्कम असतात. जगात ठिकठिकाणी आकाशातून पडलेल्या वस्तूंत गोलच वारंवार सापडतात, त्याचे कारण हे होय. त्यात गूढ काही नाही.

शेवटच्या काही किलोमीटरांत तुकड्यांचा मूळ वेग पूर्णपणे संपलेला असतो व ते उंच इमारतीवरून टाकलेल्या वस्तूंप्रमाणे सरळ खाली पडतात. म्हणून प्रकाश मावळल्यानंतर काही मिनिटांनी तुकडे जमिनीवर येतात व ते पडलेल्या ठिकाणी मोठा खड्डा पडत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सु. १·८ किमी. व्यासाच्या विवराशी अशा घटनेची तुलना करणे व्यर्थ आहे. लोणारला आदळलेला पिंड इतका मोठा होता की, हवा त्याला थोपवू शकली नाही. तथापि चाळीस-पन्नास किग्रॅ.चे कडे घराच्या कौलांवर किंवा अंगणात बसलेल्या माणसांवर पडले, तर खड्डा पडत नाही याचे समाधान फारसे उपयोगाचे नाही.

मानवाचे परतणे : रॉकेटने एवढा वेग दिला, तर रॉकेटनेच तो का काढून घेऊ नये आणि यान अलगद का उतरवू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. तत्त्वतः ते शक्य आहे. परंतु त्यासाठी चढताना लागले जवळजवळ तितकेच इंधन कक्षेपर्यंत वाहून न्यावे लागेल व ते नेण्यासाठी मूळ रॉकेट कित्येक पटींनी मोठे करावे लागेल. म्हणून रोधनाचे काम हवेकडे सोपविले जाते. रशियाचे सोयूझ यान परतताना आपले एंजिन साडेचार मिनिटांहून थोडा अधिक काळ चालवून वेग सेकंदाला सु. १२० मी.नी घटविते. ही घट मूळ वेगाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तेवढ्याने कक्षेचा खालचा बिंदू दाट हवेत उतरतो. उरलेली जवळजवळ सर्व ऊर्जा हवा शोषून घेते. लाडबोरीवर आलेला टप्पा आणि सोयूझ यान यांच्या बाबतीत येथपर्यंत हवा एकच काम करते.

यानाला मात्र कोन साधावा लागतो. तो फार तीव्र झाल्यास रोधन एकदम होऊन उष्णता व अंगावर येणारा भार असह्य होतो. फार मंद झाल्यास तापण्याचा काळ लांबतो व यान ठरलेल्या जागेपासून दूर जाते. चंद्राकडून येणाऱ्या, अधिक वेगवान यानाला तर हवेच्या माथ्यावरून उसळून पुन्हा अवकाशात जाण्याचाही धोका असतो. यानाचा आकार हा दुसरा प्रश्न. वेगवान वस्तू टोकदार असावी हे विमानविद्येचे तत्त्व येथे उलटे ठरते. एच. जूलियन ॲलन या अमेरिकन अभियंत्याने १९५१ च्या सुमारास असे दाखवून दिले की, बोथट वस्तूसमोर आघाततरंग तिच्यापासून दूर राहतो व बहुतेक उष्णता वस्तूत न शिरता बाजूच्या हवेबरोबर निघून जाते. टोकदार अग्र मात्र वितळते. अंतराळवीरांची याने बसक्या घंटेसारखी असतात व रुंद बूड पुढे करून उतरतात, ती यामुळे.

बुडावर उष्णतारोधक ढाल असते. तिचा एक प्रकार अपक्षरणाचा (पृष्ठभाग जळून झिजत जाण्याचा) आहे : ढालीचे द्रव्य थराथराने जळते, त्यातून निघणारा वायू उष्णता घेऊन जातो व आतील थर सुरक्षित राहतो. ढाल स्वतः नष्ट होत यानाला वाचविते. दुसऱ्या प्रकारात सिलिकेच्या तंतूंपासून केलेल्या, अतिशय हलक्या व उष्णतेच्या दुर्वाहक फरश्या वापरतात. अमेरिकेच्या अवकाश शटलवर त्या होत्या.

तापलेल्या हवेच्या आयनद्रायूने यान वेढले गेले की, रेडिओ तरंगांना वाट मिळत नाही व काही मिनिटे यानाशी संपर्क तुटतो. जमिनीवरील नियंत्रकांना या काळात वाट पाहण्यापलीकडे काहीच करता येत नाही. आत बसलेल्या माणसांना नेहमीच्या वजनाच्या चौपट भार जाणवतो. यानाचे सुकाणू बिघडून ते सरळ दगडासारखे पडू लागल्यास तो आठपटीवर जातो. एप्रिल २००८ मध्ये एका सोयूझ यानातील तिघांनी हा अनुभव घेतला व यान नियोजित जागेच्या चारशे किमी.हून अधिक अलीकडे उतरले. भार छातीतून पाठीकडे जावा, मस्तकातून पायांकडे नव्हे, म्हणून अंतराळवीर पाठीवर झोपून येतात. कित्येक दिवस वजनरहित अवस्थेत राहिलेल्या शरीरातील रक्त पायांकडे ओढले गेल्यास शुद्ध हरपू शकते. शेवटी सु. १० किमी. उंचीवर हवाई छत्र्या उघडतात व सोयूझ जमिनीपासून हातभर अंतरावर असताना लहान रॉकेटे क्षणभर पेटून धक्का कमी करतात. राकेश शर्मा हे पहिले भारतीय अंतराळवीर ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी–११ या यानातून गेले व ११ एप्रिल रोजी सोयूझ टी–१० मधून याच पद्धतीने कझाकस्तानच्या गवताळ मैदानात उतरले. शुभांशू शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहिलेले पहिले भारतीय होत. ते १५ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिक महासागरात उतरले.

दुर्घटना : अंतराळवीरांचे जे मृत्यू प्रत्यक्ष उड्डाणात झाले, त्यांपैकी बरेच परतीच्या वाटेवर झाले आहेत. २४ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ–१ ची मुख्य हवाई छत्री न उघडल्याने व्ह्लाद्यीमिर कमारॉव्ह हे मृत्यू पावले. ३० जून १९७१ रोजी सोयूझ–११ मधील एक झडप अवकाशातच उघडली व यानातील हवा निघून गेल्याने तिघे गुदमरले; दाबयुक्त पोशाख घालण्यास त्या यानात जागा नव्हती. यान स्वतः मात्र व्यवस्थित उतरले होते.

कोलंबिया शटलची दुर्घटना उष्णतेची आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सु. ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरील फेसाळ आच्छादनाचा एक तुकडा सुटला व डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. फेसाने कार्बनची कठीण कड फुटेल असे तेव्हा कोणी गंभीरपणे मानले नाही. यान सोळा दिवस कक्षेत सुरळीत फिरले. भोक होते, पण तेथे हवा नव्हती. १ फेब्रुवारी रोजी परतताना तप्त वायू त्या भोकातून पंखात शिरला व उतरण्यास सु. सोळा मिनिटे उरली असताना टेक्सस राज्यावर, ६० किमी.हून अधिक उंचीवर, यान मोडले. मूळच्या हरयाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सकाळी टेक्ससमधील लोकांनी आकाशात जे पाहिले ते आणि १९ वर्षांनी नागपूरकरांनी पाहिले ते, ही दृश्ये दिसावयास विलक्षण सारखी होती. कोलंबियाचे ८० हजारांहून अधिक तुकडे जमिनीवर गोळा करण्यात आले.

भारतातील प्रयोग : इस्रोने १० जानेवारी २००७ रोजी ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाने ५५० किग्रॅ.ची एक कुपी कक्षेत पाठविली व २२ जानेवारी रोजी ती बंगालच्या उपसागरात उतरवून परत मिळविली. कक्षेतून वस्तू सुखरूप आणण्याचा हा भारताचा पहिला प्रयोग होय. १८ डिसेंबर २०१४ रोजी मानव वाहून नेऊ शकेल अशा आकाराची कुपी १२६ किमी. उंचीवरून सोडण्यात आली व अंदमानजवळ समुद्रात उतरली. गगनयान योजनेसाठी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी चढत्या रॉकेटपासून कुपी दूर नेण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. पुनःप्रवेश नियंत्रित करण्याची ही विद्या निकामी उपग्रहांसाठीही उपयोगी पडते. मेघा-ट्रॉपिक्स–१ या सु. १,००० किग्रॅ.च्या उपग्रहात सु. १२० किग्रॅ. इंधन उरले होते. ते वापरून इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी तो पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागावर आणून पाडला.

पडण्याचे ठिकाण : अनियंत्रित वस्तू कोठे पडेल हे आधी सांगता येत नाही, याचे कारण गणिताचा दुबळेपणा नव्हे. वरच्या हवेची घनता रोज बदलते व वस्तू कोलांट्या खात असल्याने तिला होणारा रोधही बदलतो. वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तरी जमिनीवरील ठिकाण सु. ४७० किमी.नी, म्हणजे नागपूर-हैदराबाद अंतराहून अधिक, सरकते. एका तासाच्या चुकीत २८,००० किमी. जातात. पडण्यापूर्वी काही तास दिलेल्या इशाऱ्यातही याच कारणाने अर्धे जग सामावलेले असते.

एक गोष्ट मात्र निश्चितपणे सांगता येते. वस्तूची कक्षा विषुववृत्ताशी जेवढा कोन करते, त्याच्यापलीकडच्या अक्षांशांवर ती कधीच जात नाही. चांग झंग–३बी चीनच्या शीचांग या केंद्रावरून सुटते. ते २८ अंश उत्तर अक्षांशावर असून तेथून पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटची कक्षाही साधारण तेवढाच कोन करते. असा टप्पा मॉस्को, लंडन किंवा बीजिंग येथे पडणे शक्यच नसते; तो पडणार तो उष्ण कटिबंधात व त्याच्या लगतच्या पट्ट्यात. नागपूर २१ अंशांवर आहे. उंच कक्षेतील उपग्रह अनेक राष्ट्रे सोडतात व त्यांचा लाभ जगभर घेतला जातो. पण त्यांच्या रिकाम्या टप्प्यांचा धोका भारत, आग्नेय आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका यांच्या वाट्याला अधिक येतो. अमेरिकेत व यूरोपात एका पुनःप्रवेशात जमिनीवरील कोणालाही इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून अधिक नसावी, असा दंडक आहे. सर्वच राष्ट्रे तो पाळत नाहीत. अंतिम टप्प्यात थोडे इंधन राखून व एंजिन पुन्हा पेटवून तो महासागरात पाडता येतो. पण राखलेल्या प्रत्येक किलोग्रॅमने उपग्रहाचे वजन कमी करावे लागते. वाद तेथे येतो.

मोठ्या वस्तूंच्या पतनाचा इतिहास दोन्ही तऱ्हांचा आहे. अमेरिकेची सु. ७७ टन वजनाची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा सूर्याच्या वाढत्या क्रियाशीलतेमुळे अपेक्षेहून लवकर खाली आली. तिच्या भीतीने भारतातही अनेकांची झोप उडाली होती. ११ जुलै १९७९ रोजी ती हिंदी महासागर व पश्चिम ऑस्ट्रेलिया यांवर कोसळली. तेथील एस्परन्स नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलर दंड ठोठावला, हा त्यातला विनोदी भाग. याउलट रशियाचे मीर हे स्थानक २३ मार्च २००१ रोजी ठरवून दक्षिण पॅसिफिकमध्ये पाडण्यात आले. चीनच्या चांग झंग–५बी या अवजड रॉकेटचे सु. वीस टनांचे मुख्य टप्पे मात्र पुन्हा अनियंत्रित पडले : मे २०२० मध्ये एकाचे तुकडे पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात सापडले, तर ९ मे २०२१ रोजी दुसरा मालदीवजवळ समुद्रात पडला. लहान तुकडेही घरापर्यंत येतात. ८ मार्च २०२४ रोजी अवकाश स्थानकातून टाकून दिलेल्या बॅटरीच्या सांगाड्याचा सु. ७०० ग्रॅम वजनाचा तुकडा अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका घराचे छप्पर व मजला भेदून गेला.

कायदा : शेतात पडलेला तुकडा शेतमालकाचा होतो काय? होत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार वस्तू कोठेही पडली, तरी तिची मालकी मूळ राष्ट्राकडेच राहते. १९६८ च्या करारानुसार अशी वस्तू सापडलेल्या राष्ट्राने मूळ राष्ट्राला व संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवावयाचे असते व मागणी आल्यास ती परत करावयाची असते. वस्तू धोकादायक असल्यास तो धोका दूर करण्याची जबाबदारी मूळ राष्ट्रावर येते. ही तरतूद उगाच नाही. टाक्यांत हायड्रॅझिनासारखे विषारी इंधन उरलेले असू शकते व दाबाखालील गोल फुटू शकतो. सापडलेल्या वस्तूस हात न लावता पोलीस किंवा तहसीलदार यांना कळविणे हाच योग्य मार्ग होय. भारताचीही वस्तू परक्या भूमीवर गेली आहे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहत आलेले नळकांडे ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे असल्याचे त्या देशाच्या अवकाश संस्थेने सांगितले.

नुकसानभरपाईविषयी १९७२ चा दायित्व करार आहे. अवकाशातील वस्तूने जमिनीवर केलेल्या हानीबद्दल वस्तू सोडणारे राष्ट्र पूर्णतः जबाबदार असते. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र या करारान्वये मागणी राष्ट्राने राष्ट्राकडे, एका वर्षाच्या आत करावयाची असते. घर पडलेल्या शेतकऱ्यासाठी ती त्याच्या सरकारनेच करावी लागते. लाडबोरीत माणूस वा घर यांस धक्का न लागल्याने हा प्रश्न उद्भवला नाही. या कराराखाली आजवर एकच मागणी झाली आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएट रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस–९५४ हा उपग्रह कॅनडाच्या ओसाड उत्तर भागावर कोसळला व किरणोत्सर्गी तुकडे बर्फावर शेकडो किमी. विखुरले. शोध व सफाई यांसाठी कॅनडाने सु. ६० लक्ष कॅनडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये तडजोड होऊन ३० लक्ष मिळाले.